अक्कांनी दिलेला टायर

अक्का माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या ब्लाउजपीस घेऊन नाही, सायकलचा टायर घेऊन. जळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. समोरच्या शाळेत अक्का खेळाच्या शिक्षिका. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, अंगानं सडसडीत, ट्रॅकसूटमध्ये, केस मुलासारखे कापलेले. त्यांना शाळेतली मुलंसुद्धा मॅडम न म्हणता अक्काच म्हणायची, मग मीही तेच म्हणायला लागले. त्यांनी तो टायर माझ्या मशीनवर ठेवला आणि म्हणाल्या, "पंक्चरवाल्याकडून आलेय. तो म्हणतो, ताई, आठे ट्यूबच नही शे, बठ्ठं शिवेल शे. म्हटलं, शिवलेलं असेल तर शिवणारीकडेच जावं."

मी टायर उलटा करून पाहिला. आपल्या साध्या सायकलला टायर वेगळा आणि ट्यूब वेगळी असते. हा मात्र नळीसारखा गोल होता. ट्यूब आत घालून टायर पोटाच्या बाजूनं शिवून टाकलेला, आणि त्या शिवणीवर कापडाची पट्टी चिकटवलेली. शर्यतीच्या सायकलींना असे टायर असतात, अक्का म्हणाल्या. रिमला कडा नसतात, टायर नुसता गोंदानं चिकटवायचा. वजनाला हलका आणि पळायला मऊ. अक्का तरुणपणी राज्य पातळीवर खेळल्या होत्या. तेव्हाच्या दोन सायकली त्यांनी जपून ठेवल्या होत्या.

पंक्चर काढायचं म्हणजे पट्टी सोडवायची, छिद्र असेल तिथली वीतभर शिवण उसवायची, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावायचं आणि पुन्हा जुन्याच भोकांतून सुई घालून शिवायचं. नवं भोक पाडलं तर कापड फाटतं, आणि टाका फार ओढला तर त्या जागी टायरला कंबर पडते. मी दाभणात मेण लावलेला दोरा ओवला आणि काम करून दिलं. अक्कांनी टायर हवा भरून फिरवून पाहिला आणि मला म्हणाल्या, "तुला सायकल येते?"

येत होती, म्हणजे कधीकाळी. पारोळ्याकडच्या आमच्या गावात मी वडलांची सायकल कैची मारून चालवायचे. लग्नानंतर ते सुटलंच. अक्कांनी त्यांची दुसरी सायकल आमच्या दारात आणून लावली. "ठेव तुझ्याकडेच. माझ्या घरी नुसती गंजतेय."

घरातून परवानगी मिळवली तीही अक्कांनीच. माझे मिस्टर पाइपच्या कारखान्यात पाळीवर काम करतात. स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांना भीती फार. "हायवेला ट्रक कसे चालतात माहीत आहे का? हात-पाय मोडला तर दुकान कोण बघेल?" अक्का आमच्या ओट्यावर बसून चहा पीत म्हणाल्या, "भाऊ, मी आहे ना. तिच्या चाकाची जबाबदारी माझी." शिकलेली, खेळलेली बाई एवढं म्हणते म्हटल्यावर मिस्टर हो म्हणाले.

मग आम्ही पहाटे निघू लागलो. कधी पाळधीपर्यंत, कधी एरंडोलपर्यंत, कधी उलट्या दिशेला भुसावळकडे, जिथे हवा स्वच्छ असली की दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या फार लांबून दिसतात. केळीच्या बागांतून येणारा गारवा गुडघ्यांना लागायचा. दुकानात मी दिवसभर वाकलेली असते. त्या दोन-तीन तासांत माझी पाठ सरळ व्हायची असं वाटायचं, आणि खाली हँडलला वाकलेली असूनही तसं वाटायचं, याचं मला हसू यायचं.

आमच्या कामाची वाटणी झाली होती. शिवणं माझं, चिकटवणं अक्कांचं. गोंदाच्या बाबतीत त्या फार कडक. रिमवर एक हात, टायरच्या पट्टीवर एक हात, वाळू द्यायचं, पुन्हा एक हात, मग टायर चढवून हवा भरून रात्रभर ठेवायचा. आणि जो टायर स्टेपनी म्हणून सीटखाली न्यायचा, त्यालाही आधी गोंदाचा हात देऊन, वाळवून, चिकट बाजू आत राहील अशी घडी घालायची. रस्त्यात पंक्चर झालं की गळका टायर ओढून काढायचा, स्टेपनी चढवायची, हवा भरायची. रिमवरचा जुना गोंद आणि स्टेपनीवरचा गोंद एकमेकांना धरतात. तरीही घरी पोचेपर्यंत वळणावर हळू जायचं. "कोरी स्टेपनी नेणारी बाई आणि चपला हातात घेऊन काट्यातून चालणारी बाई सारखीच," असं अक्का म्हणायच्या. मी दोन्ही सायकलींच्या स्टेपन्यांसाठी मिस्टरांच्या जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवल्या होत्या, सीटखाली पट्ट्यानं आवळून बांधायच्या.

मग हळूहळू आणखी बायका येऊ लागल्या. बँकेतली एक, एक डॉक्टरीणबाई, शाळेतल्या दोघी. त्यांच्या सायकली दुकानातून घेतलेल्या, साध्या टायरच्या. अक्कांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. महिला दिनाला जळगाव ते धुळे जायचं ठरलं. धुळ्यात एक महिला मंडळ आमचा सत्कार करणार होतं, पेपरवाले येणार होते. अक्का महिनाभर त्याच नादात होत्या. मला त्यांचा अभिमान वाटायचा. बॅनरवर त्यांचा फोटो मोठा होता आणि ते बरोबरच होतं असं मला तेव्हा वाटलं.

त्या दिवशी अंधार असतानाच निघालो. पाण्याचा आणि नाश्त्याचा टेम्पो आमच्याबरोबर होता. एरंडोलच्या जवळ माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. मी माझी स्टेपनी काढली, गळका टायर अंगठ्यांनी रेटून उतरवला, नव्याचा व्हॉल्व्ह भोकात घालून दोन्ही हातांनी ताणत खाली आणला आणि शेवटचा भाग अंगठ्यांनी वर चढवला. बाकीच्या बायका गोल करून बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओसुद्धा काढला. अक्का घड्याळ बघत होत्या.

पारोळ्यात पोहे झाले. टेम्पोला अक्कांनी पुढे धुळ्याला पाठवून दिलं, तिथे बॅनर लावायचा होता. ऊन वर आलं. मुकटी गाव मागे टाकल्यावर पुन्हा फुस्स आवाज आला. आता पुढचं चाक. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली तार आत घुसली होती.

माझ्याकडे आता काहीच नव्हतं. बाकीच्यांचे टायर माझ्या रिमवर बसणारे नव्हते. शिवलेला टायर होता तो फक्त अक्कांच्या सीटखाली.

"अक्का, तुमची स्टेपनी द्यावी लागेल."

त्यांचा फोन वाजत होता. धुळ्याहून सारखे फोन येत होते, पाहुणे आले, कुठे पोचलात. अक्कांनी फोन कापला आणि सायकल आडवी केली. मी त्यांच्या सीटखालच्या पिशवीला हात घातला तर म्हणाल्या, "थांब, मी लावते. तू पंप काढ."

एरवी त्या मला करायला लावत. म्हणत, स्वतःचं चाक स्वतः लावावं. पण घाई होती, आणि त्यांचे हात माझ्यापेक्षा चपळ. मी पंप काढेपर्यंत टायर अर्धा चढलासुद्धा होता. मी सवयीनं विचारलं, "गोंद आहे ना अक्का?"

"आहे गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुला कोरा देईन का मी?"

मी हवा भरली. अक्कांनी चाक फिरवून पाहिलं, म्हणाल्या, "चला, आता ओढा जरा. लोक उन्हात उभे आहेत." आणि त्याच सगळ्यांत पुढे निघाल्या, जोरात. हळू जा असं त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, त्याच एवढ्या वेगात जातायत तर ठीकच असेल. मी त्यांच्या मागे माझं चाक लावलं.

धुळ्याच्या अलीकडे हायवेवरून गावात जायला एक रस्ता खाली उतरतो आणि उतरता उतरताच डावीकडे वळतो. अक्का वळून गेल्या. मी वळायला सायकल कलवली आणि पुढचं चाक माझ्या हातातून गेलं. घसरलं असं नाही म्हणता येणार. खालून कुणी सतरंजी ओढावी तसं झालं. डावा खांदा रस्त्यावर आपटला आणि मला माझ्याच अंगातून काडी मोडल्यासारखा आवाज ऐकू आला.

डोळे उघडले तेव्हा समोर रस्त्यावर टायर पडला होता, रिममधून निघालेला, उलटा. त्याची पट्टी पांढरी होती. नव्या नाडीसारखी पांढरी आणि कोरडी. मी एवढ्या टायरांच्या पट्ट्या सोडवल्या आहेत. गोंद उन्हानं सुटला तर त्याचे तपकिरी धागे निघतात, पट्टीवर डाग राहतात, बोटाला चिकटतं. इथे काही नव्हतं. मी उजव्या हातानं त्याला हात लावला. रस्त्यावरची माती लागली होती, तीही झटकली तर पडत होती.

कडेच्या शेतातून एक म्हातारी आली. तिच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा होता, तो तिनं तसाच खाली टाकला. "काय व्हयनं वं माय? हालू नको, हालू नको." तिनं माझं डोकं तिच्या मांडीवर घेतलं. माझ्या आईच्या तोंडची भाषा ऐकून मला रडू फुटलं.

अक्का मागे वळून आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या टायरकडे. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. त्यांनी एकीच्या ओढणीनं माझा हात गळ्यात बांधला, अगदी नीट बांधला, रिक्षा थांबवली आणि बँकेतल्या बाईला माझ्याबरोबर बसवलं. "तुम्ही दवाखान्यात व्हा पुढे. मी तिथे तोंड दाखवून आलेच."

कॉलरबोन मोडलं होतं. पाठीमागून खांदे ओढून पट्टा बांधला. दुपारी मिस्टर जळगावहून एसटीनं आले, कारखान्याच्या कपड्यांतच. आणि अक्का आल्या त्या संध्याकाळी, गळ्यात शाल, हातात नारळ आणि माझ्यासाठीची वेगळी शाल. ती त्यांनी माझ्या पायांवर पसरली. मिस्टरांनी विचारलं, "अक्का, झालं तरी काय?"

मी अक्कांकडे बघत होते. मला खरंच वाटत होतं की त्या सांगतील. चूक झाली म्हणतील, घाईत झालं म्हणतील. मी मनात त्यांना माफही करून ठेवलं होतं.

"उतारावर पुढचा ब्रेक दाबला हिनं करकचून," अक्का म्हणाल्या. "मी ओरडले, हळू, हळू. पण नवीन माणसाचा हात पहिला ब्रेकवरच जातो."

"अक्का," मी म्हटलं, "टायरला गोंद नव्हता."

"होता गं. उन्हानं पातळ झाला असेल. मार्चचं ऊन आहे." मग मिस्टरांकडे वळून, हळू आवाजात, "तिच्या डोक्याला मुका मार पण लागलाय. बोलू द्या तिला, त्रास नको."

मिस्टरांनी मान हलवली. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, जसा तापातल्या मुलावर ठेवतात. त्या क्षणी मला खांद्यापेक्षा तो हात जास्त लागला.

रात्री ग्रुपवर अक्कांचा मेसेज आला. सत्काराचे फोटो, सगळ्यांचे आभार, आणि खाली सूचना: नवीन सदस्यांनी उतारावर पुढचा ब्रेक वापरू नये, आज आपल्या एका भगिनीला दुखापत झाली आहे. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मी डाव्या कुशीवर वळू शकत नव्हते, म्हणून छताकडे बघत ते पुन्हा पुन्हा वाचलं.

बँकेतल्या बाईनं टायर माझ्या सामानात घालून दिला होता, सायकल टेम्पोतून आली होती. घरी आल्यावर मी तो मिस्टरांना दाखवला. पट्टी दाखवली, दुसऱ्या टायरची पट्टी शेजारी धरली. "हे बघा, याला गोंद लागलेला. हा कोरा."

त्यांनी दोन्ही पाहिले. "मला यातलं काय कळतं?" ते म्हणाले. "ती बाई आयुष्यभर हेच करत आली. ती खोटं कशाला बोलेल? आणि समज नव्हता गोंद, आता काय करायचंय? झालं ते झालं. सायकल बंद."

लग्नसराई तोंडावर होती. हात गळ्यात. चोळ्या, घागरे, सगळी गिऱ्हाइकं आपापली कापडं परत घेऊन गेली. मी मशीनपुढे खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या शाळेच्या मैदानावरून अक्कांची शिट्टी ऐकू यायची.

बऱ्याच दिवसांनी त्या आल्या. मिस्टर दुसऱ्या पाळीला गेले होते, हे त्यांना माहीत असणार. केळी आणली होती. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं.

"अक्का, आता इथे कोणी नाही. गोंद होता का?"

त्या थोडा वेळ केळ्यांच्या पिशवीची गाठ सोडत बसल्या. "नव्हता," त्या म्हणाल्या. "नवा टायर होता. आदल्या दिवशी बॅनर, टेम्पो, फोन. राहून गेलं. मला पंक्चर होतच नाही फारसं."

"मग तिथे का नाही सांगितलं? मी चालत आले असते. मागे राहिले असते. हळू आले असते."

"सांगितलं असतं तर तू बसली नसतीस सायकलवर. मग सगळ्या थांबल्या असत्या तुझ्यासाठी. तिकडे आमदारीणबाई येऊन बसलेल्या."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, "आणि ब्रेकचं? ते का?"

आता त्यांचा आवाज चढला. "मग काय सांगू? माझ्यामुळे पडली म्हणून? तुझ्या मिस्टरांनी अख्ख्या कॉलनीत सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी एकाही नवऱ्यानं बायकोला माझ्याबरोबर पाठवलं नसतं. किती वर्षं लागली मला या बायका घराबाहेर काढायला, तुला माहीत आहे. तुझं काय, तू समजून घेशील असं वाटलं मला."

"मी समजून घेतलंच असतं. मला विचारायला हवं होतं."

त्यांनी केळ्यांचा घड काढून मशीनवर ठेवला.

"यांना सांगा," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला नको. फक्त यांना. एवढंच."

"आता काय उपयोग त्याचा?" अक्का उठल्या. "हाड जुळलं ना. बरी झालीस ना." दारात चपला घालताना म्हणाल्या, "सायकल नेते मी. पुढचं रिम वाकलंय, सरळ करून आणते." मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळत नाही. त्यांच्यापुढे हो म्हणायची सवय होती.

सायकल परत आली नाही. पावसाळ्याआधी एक तरुण बाई माझ्या दुकानासमोर उतरली, शाळेत नवीन लागलेली. ती त्याच सायकलवर होती. सीटखाली माझीच जीन्सची पिशवी. तिनं खांद्यावरून दोन टायर काढले. "अक्कांनी पाठवलंय. म्हणाल्या, तुमच्यासारखा टाका जळगावात कुणाला जमत नाही."

मी टायर हातात घेतले, सवयीनं उलटे केले आणि तिला परत दिले. "सांगा त्यांना, मी आता कपडेच शिवते." ती जायला वळली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "ऐक, निघायच्या आधी स्टेपनी उघडून पाहत जा. पट्टीला बोट लावून पाहा. कुणीही दिलेली असली तरी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती आणि थोडा कंटाळा. तिला माझ्याबद्दल आधीच काहीतरी सांगितलेलं होतं. "हो काकू," ती म्हणाली आणि पॅडल मारलं.

पुढच्या दिवाळीत मी माझी स्वतःची सायकल घेतली. साध्या टायरची, ट्यूबची. मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत, मग त्यांनीच तिला घंटी बसवून दिली. पहाटे पाळधीपर्यंत जाते आणि येते. एकटी. खांदा थंडीत दुखतो. अक्कांचा ग्रुप मी सोडला. त्यांना आता जिल्ह्याचा कसलासा पुरस्कार मिळालाय, पेपरात फोटो होता, आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी केलेलं काम खरंच मोठं आहे. मी स्वतः त्याचा पुरावा आहे. त्या नसत्या तर मी दारातून बाहेर पडले नसते. ते आठवलं की राग येत नाही, आणि राग आला असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

गेल्या महिन्यात भाचेजावई आले होते. ओसरीतली सायकल बघून म्हणाले, "मामी चालवतात? वा!" मिस्टर कौतुकानं हसले. म्हणाले, "चालवते हो, लांब लांब जाते. फक्त ब्रेक तेवढा हिच्या हातात नाही. धुळ्याच्या उतारावर दाबला होता करकचून, तीन महिने घरी बसली."

"ब्रेक नव्हता," मी आतून म्हटलं.

"बरं, नव्हता," ते म्हणाले, आणि जावयांना डोळा मारला असणार, कारण दोघं हसले. मी कपात चहा गाळत होते. तीन कप भरले, ट्रे उचलला आणि बाहेर नेला.